पोरांना सगळं पाठ आहे, तरी वर्ग आजारी का पडतो?

बाई, नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मूळच्या लातूरकडच्या. बदली होऊन देवगड तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत आलात, त्याला दोन वर्षं झाली. पट २६, शिक्षक दोन. जूनमध्ये शाळा भरली की दिवाळीपर्यंत रोज चार-पाच मुलं गैरहजर असतात. कुणाला ताप, कुणाला जुलाब, कुणाच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज. गेल्या वर्षी तर गणपतीनंतर महिन्याभराने तिघांना कावीळ झाली. तुम्ही भिंतीवर तक्ते लावलेत, हात धुण्याच्या पायऱ्या पाठ करून घेतल्यात, परिपाठात रोज आरोग्याचं एक वाक्य घेता. मुलं सगळं घडाघडा म्हणतात. हजेरीपटावर मात्र फरक दिसत नाही, म्हणून तुम्ही विचारलंत की अजून काय शिकवू.

मी ३१ वर्षं आरोग्य खात्यात होते. आधी उपकेंद्रावर सेविका, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात सहाय्यिका. सगळी नोकरी सिंधुदुर्गात झाली, त्यामुळे तुमची शाळा न बघताही मला ती बरीचशी दिसते. पहिली दहा-बारा वर्षं मीही शाळेत जाऊन रोगाचं नाव, लक्षणं, उपाय असं भाषणच द्यायचे. मुलं टाळ्या वाजवायची, मी सही-शिक्का घेऊन पुढच्या शाळेत जायचे. आज माझं म्हणणं एवढंच आहे की तुमच्या मुलांना माहिती पुरेशी आहे. जे पाठ आहे ते त्याच दिवशी, त्याच जागी करता येईल अशी सोय नाही. सोय करता करता जे शिकवाल, तेवढंच त्यांच्या अंगी लागेल.

हे मला कसं कळलं ते सांगते. एका शाळेत १५ ऑक्टोबरला, हात धुवा दिनाच्या कार्यक्रमाला गेले होते. मुलांनी रांगेत उभं राहून हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या हवेत करून दाखवल्या, अगदी अंगठ्यासकट. मला फार बरं वाटलं. थोड्या वेळाने खिचडीची घंटा झाली आणि चाळीस मुलं ताटं घेऊन एका नळाकडे धावली. एका हातात ताट, दुसरा हात पाण्याखाली धरला न धरला, झटकला आणि पंगतीत. तिसरीतल्या एका मुलीला थांबवून विचारलं, साबण कुठे आहे गं? ती म्हणाली, “साबण बाईंच्या कपाटात आसा. भायर ठेवलो तर कावळो न्हेता.”

आणि ते खरंच होतं. कोकणात कावळा साबण पळवतो हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, विहिरीवरचा साबणसुद्धा दगडाखाली ठेवावा लागतो. त्या शिक्षिकेची काही चूक नव्हती. दर दोन दिवसांनी नवी वडी कुठून आणणार? मग आम्ही असं केलं की एका मुलाचे वडील रापणीला जात, त्यांच्याकडून जुन्या जाळ्याचा वीतभर तुकडा मागवला, त्यात साबण घालून तोंड घट्ट बांधलं आणि नळाशेजारी टांगला. जाळ्यावरून हात फिरवला की फेस येतो. वडी चिखलात पडत नाही आणि कावळ्यालाही ती सुटत नाही. दुसरी गोष्ट, ताटांची चळत आधी वर्गात असायची ती नळाच्या पलीकडे, पंगतीच्या बाजूला नेली. ताट घ्यायचं तर नळावरूनच जावं लागेल आणि दोन्ही हात मोकळे असतील. तिसरी गोष्ट जरा उशिरा झाली. शाळा व्यवस्थापन समितीने एका आडव्या पाइपला पाच तोट्या बसवून दिल्या. तोवर दोन बादल्या आणि मगावर भागवलं, पाणी घालायला मोठी मुलं पाळीपाळीने.

पुढच्या महिन्यात गेले तेव्हा पायऱ्या कुणी म्हणून दाखवल्या नाहीत, पण हात सगळ्यांचे ओले होते आणि साबणाचा वास येत होता. तुमच्याकडे पहिलं काम हेच करा. जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर, एवढ्या दोनच वेळा पक्क्या धरा. सॅनिटायझरच्या बाटल्या कुणी देणगी दिल्या तर नाही म्हणू नका, पण चिखलाच्या हातांवर त्यांचा उपयोग होत नाही आणि जुलाब-कावीळ पसरवणाऱ्या काही विषाणूंवर तो पुरेसा पडत नाही. इथे साबण आणि वाहतं पाणीच हवं.

आता शिकवायचं काय, याकडे येते. रोगांची नावं बाजूला ठेवा आणि वाटा शिकवा. रोग अंगात शिरायच्या वाटा मोजक्याच आहेत: तोंडातून, कातडीतून, डासाच्या किंवा किड्याच्या चाव्यातून आणि श्वासातून. आठ वर्षांच्या मुलालाही हे समजतं आणि मग ते स्वतःच विचारायला लागतं की हा ताप कुठल्या वाटेने आला. कुठल्या वाटेवर किती जोर द्यायचा ते मात्र गावावर अवलंबून आहे. तुमची वाडी बंदराजवळ आहे की आत कातळावर, आंब्याच्या बागांत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उदाहरण सांगते. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापाची, साथ आली. तिथल्या शाळेत काजूच्या हंगामात, मुलं रानात जातात त्या दिवसांत, अंगावरची गोचीड कशी शोधायची आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता लगेच कुणाला सांगायचं, हे शिकवणं सगळ्यांत आधी येतं. तुमच्या शाळेत तोच वेळ दुसऱ्या कशाला द्यावा लागेल.

कोकणात पावसाळ्यात सगळ्यांत दुर्लक्षित वाट कातडीची आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते. तुम्ही पठारी भागातून आलात, तुमच्यासाठी हे नवं असेल. जुलैत लावणी लागली की मोठी मुलं सुट्टीच्या दिवशी शेतात उतरतात, लहान मुलं रोज व्हाळातून नाहीतर शेताच्या मेरेवरून शाळेत येतात. दिवसभर पाय ओले. बोटांच्या मध्ये कातडी पांढरी पडते, फाटते, चिखल्या होतात. शेतात, गोठ्यात उंदीर असतातच. त्यांच्या मुतातून आणि कधी गुरा-कुत्र्यांच्या मुतातूनही लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचे, जंतू त्या पाण्यात येतात आणि फाटलेल्या कातडीतून आत शिरतात. जंतू शिरल्यापासून ताप यायला साधारण एक-दोन आठवडे जातात, त्यामुळे शेताचा आणि तापाचा संबंध घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

चौथीतला एक मुलगा मला आठवतो. तीन दिवस ताप, घरी दुकानातल्या गोळ्या चालू. आईला वाटलं पावसात भिजला. केंद्रात आणला तेव्हा डोळे लाल होते, पण चिपडं नव्हती. पोटऱ्यांना नुसता हात लावला तरी ओरडत होता. डॉक्टरांनी विचारलं काय काय केलंस, तर तो गप्प. बरोबर आलेली सातवीतली बहीण म्हणाली, “लावणीक गेल्लो तो, रविवारी.” त्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलली. लेप्टोवर प्रतिजैविक औषधं चांगली लागू पडतात, पण ती लवकर सुरू व्हावी लागतात. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसं यांवर परिणाम होऊन माणूस दगावू शकतो. तो मुलगा बरा झाला.

तेव्हापासून मी प्रत्येक शाळेत हे एक वाक्य शिकवायला लागले. पावसाळ्यात ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांना आपणहून सांगायचं, ‘मी चिखलात उतरलो होतो.’ मुलांकडून हे नाटकासारखं करून घ्या. एक डॉक्टर, एक रोगी, एक आजी. लाजरं मूलही दोनदा सराव झाला की बोलतं. आणि मोठी माणसं जे सांगायला विसरतात ते मूल सांगतं, हा माझा अनेकदा आलेला अनुभव आहे.

यासाठी शाळेत सोय काय करायची? दारात पाय धुवायची. आपल्याकडे जुन्या घरांत ओटीवर चढण्याआधी पायांवर पाणी घ्यायची रीत होती, आज्या अजून ओरडतात, ‘पाय धुवून आत ये.’ तीच रीत शाळेच्या पायरीशी आणा. एक पिंप, एक मग, एक गोणपाट आणि पाय कोरडे करायला ज्याचं त्याचं जुन्या कपड्याचं फडकं, दप्तरातच ठेवायचं. एकाचं फडकं दुसऱ्याने वापरायचं नाही, नाहीतर चिखल्याच एकमेकांना लागतात. पाय पुसताना बाईंनी नुसती नजर टाकली तरी जखम दिसते, तिच्यावर पट्टी लावून मूल घरी पाठवता येतं. जखम भरेपर्यंत शेतात उतरवू नका, असा निरोप वहीत लिहून द्या. लावणीच्या दिवसांत मोठ्यांना आरोग्य खात्याकडून आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या मिळतात. त्या मुलांना आपल्या मनाने कुणी देऊ नयेत, मुलांचं डॉक्टरच ठरवतील.

डासांची वाट शिकवायला सोपी आणि मुलांच्या सर्वांत आवडीची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वरून ताडपत्री, कडेला बांधलेले टायर. ताडपत्रीच्या प्रत्येक खळग्यात आणि प्रत्येक टायरात पावसाचं स्वच्छ पाणी साठतं आणि डेंग्यूच्या डासाला नेमकं तेच हवं असतं. वाडी आत असेल तर करवंट्या, पोफळीच्या गळलेल्या विऱ्या, बागेतली फवारणीची पिंपं बघा. दर शनिवारी सकाळच्या शाळेत वीस मिनिटं मुलांना आवारात आणि आवाराला लागून असलेल्या दोन घरांत अळ्या शोधायला न्या. सापडलेल्या अळ्या काचेच्या बाटलीत त्याच पाण्यासकट भरा, तोंडाला मलमलीचं कापड दोरीने घट्ट बांधा आणि खिडकीत ठेवा. पहिल्या दिवशी वळवळणारे काळपट धागे, श्वास घ्यायला वर येऊन उलटे लटकलेले. मग काही दिवसांत स्वल्पविरामासारखे वाकडे कोष. मग एका सकाळी कापडाखाली पायांवर पांढरे पट्टे असलेला डास बसलेला. हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिलं त्याला ‘पाणी साचू देऊ नका’ असं वेगळं सांगावं लागत नाही. एका शाळेतल्या पहिलीच्या मुलाने घरी जाऊन आजोबांना होडीचे टायर काढायला लावले होते. बाटली पाहून झाली की कापड न सोडता उन्हात ठेवा किंवा साबणाच्या पाण्यात बुडवा.

आठवड्यातून एकदाच का, ते मुलांना जरूर समजवा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, सातव्या दिवशी पाणी ओतलं की साखळी तुटते. आणि नुसतं ओतून भागत नाही, पिंप आतून घासायचं, कारण अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात.

आता तुमच्या त्या तीन कावीळवाल्या मुलांबद्दल. तुम्ही लिहिलंत की गणपतीनंतर महिन्याने झाली. यातच बहुधा उत्तर आहे. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणारी कावीळ, पाणी पोटात गेल्यापासून दिसायला सर्वसाधारण महिना घेते. आपल्याकडे गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात, चार माणसांच्या घरात वीस होतात, संडासावर ताण येतो आणि विहीर तीच. जांभा दगड सच्छिद्र, वरचं पाणी झिरपून विहिरीत यायला वेळ लागत नाही. शिवाय कावीळ झालेलं मूल डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या दिवसांत सर्वांत जास्त जंतू बाहेर टाकत असतं. म्हणून कावीळ दिसल्यावर धावपळ करून पुढचे रुग्ण फारसे वाचत नाहीत. काम गणपतीच्या आधी व्हावं लागतं. श्रावण लागला की ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, शाळेचं पाणी ज्या विहिरीचं आहे तिच्यात टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, किती दिवसांनी पडते. आरोग्य सेवकाला सांगा की पाण्याची तपासणी शाळेत, मुलांसमोर कर. नळीत दोन थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरं राहिलं तर नाही. मुलांना हा खेळ वाटतो आणि ती घरी जाऊन सांगतात. आमचं पाणी पिवळं झालं नाही, हे पोराच्या तोंडून सरपंचांच्या कानावर गेलं की पावडर पडते, हे मी तीन गावांत पाहिलंय.

जुलाबांसाठी ओआरएसची पुडी शाळेत ठेवाच, पण घरी लगेच मिळणारी गोष्ट म्हणजे पेज. चिमूटभर मीठ घातलेली पातळ पेज हे जुलाबातलं उत्तम पेय आहे, उकळलेलंही असतं आणि प्रत्येक घरात शिजतं. आयांना हे सांगितलं की त्यांना आपल्याच घरातलं औषध सापडल्यासारखं होतं. मूल पाणी राखेनासं झालं, सुस्तावलं, डोळे खोल गेले किंवा शी मध्ये रक्त दिसलं तर मात्र पेजेवर थांबायचं नाही.

श्वासाची वाट थोडक्यात सांगते, कारण तिथे शिकवण्यापेक्षा नियम जास्त उपयोगी पडतो. खोकताना कोपरात तोंड, खिडक्या पावसातही एका बाजूच्या उघड्या आणि आजारी मूल घरी. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंड असेल तर सूज आल्यापासून पाच दिवस, कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गोवराचा नुसता संशय आला तरी आशाताईंना त्याच दिवशी कळवा.

पण ‘आजारी मूल घरी’ हे बोलायला जितकं सोपं, तितकं करायला नाही. लावणीच्या दिवसांत आई-बाप दोघं शेतात, मूल घरी ठेवलं तर बघणार कोण? शाळेत निदान पोटभर जेवण मिळतं, म्हणून तापातही पाठवतात. त्यांना दोष देऊ नका. वाडीतल्या दोन-तीन आज्यांशी आधीच बोलून ठेवा. आणि त्या दिवसाचं जेवण भावंडाबरोबर घरी देता येतं का, ते मुख्याध्यापकांशी बोलून ठरवा. एक गोष्ट तर तुमच्या हातात आहे: शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असेल तर ते बंद करा. मी ते बक्षीस घ्यायला आलेली मुलगी पाहिली आहे, गालगुंडाने गाल सुजलेला आणि रुमालाने बांधलेला. त्या वर्गात पुढे पंधरा दिवस गालगुंड फिरत होतं.

दोन गोष्टी पटकन सांगते. पहिलीत नाव घालताना लसीकरणाचं कार्ड बघायची सवय लावा. पाच वर्षांच्या वयाचा डीपीटीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचे दोन डोस झालेत का, पाचवीच्या मुलांना दहा वर्षांची टीडी मिळाली का. मधेच मुंबईहून आलेली आणि चिरेखाणीवरच्या मजुरांची मुलं यात हमखास सुटतात. दुसरी म्हणजे कुत्रा चावला किंवा मांजराने ओरबाडलं तर मुलं मारापोटी लपवतात. त्यांना सांगून ठेवा की कुणी रागावणार नाही, आधी नळाशी या. तोच टांगलेला साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम १५ मिनिटं धुवायची, चुना, हळद, तिखट काही लावायचं नाही आणि त्याच दिवशी लस. रेबीज झाल्यावर औषध नाही.

एवढं सगळं एकदम करायला जाऊ नका. जूनमध्ये साबण आणि पाय धुणं, जुलैत लेप्टोचं नाटक आणि अळ्यांची बाटली, श्रावणात विहीर. दोन शिक्षकांच्या शाळेला एवढं झेपतं.

तुम्ही शेवटी विचारलंय की दुसरीतल्या एका मुलीला खरूज आहे आणि बाकीचे पालक तिला वेगळं बसवा म्हणतात, काय करू? वेगळं बसवू नका. आज संध्याकाळी तिच्या घरी जा, जाताना आशाताईंना बरोबर घ्या. खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं, खाज असो वा नसो, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, नखांखालीसुद्धा. सकाळी अंघोळ आणि आठवड्याने पुन्हा एकदा. घरात तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर औषध कुठलं ते डॉक्टरांना विचारा. कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवायच्या. पावसात वाळतच नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस ठेवून द्यायच्या, माणसाच्या अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. पहिल्यांदा औषध लावलं की दुसऱ्या दिवशी ती मुलगी तिच्या जागेवर येऊन बसू शकते. खाज मात्र किडे मेल्यावरही दोन ते चार आठवडे राहते. हे बाकीच्या पालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती खाजवताना दिसली की ते पुन्हा तुमच्या दारात उभे राहतील.